वरच्या मजल्यावरचे गुरुजी

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास आमच्या इमारतीच्या जिन्यावरून तीस-पस्तीस मुलं वर जायची आणि जिन्याचा आवाज यायचा नाही. मी तळमजल्यावर दार उघडं ठेवून फळा पुसत असायचे. सहा वर्षांची चिमुरडी, सोळा वर्षांचे घोडे, सगळे भिंतीच्या कडेने एकामागोमाग वर जायचे. वरच्या दाराबाहेर बूट काढायचे, ओळीत लावायचे, आणि आत शिरताना कमरेतून वाकायचे. मग एका सुरात काहीतरी म्हणायचे. त्यातला एकच शब्द मला कळायचा, 'सॉनसेंगनिम'. म्हणजे गुरुजी.

त्याच वेळी माझ्या वर्गात लुकास नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा हीटरवर पाय टाकून मला विचारत असायचा, "फ्राऊ यागताप, हे मला आयुष्यात कधी लागणार आहे?"

माझं आडनाव जगताप. जर्मन लोक 'ज'चा 'य' करतात. चिंचवडच्या शाळेत अकरा वर्षं मी जगताप बाई होते. इथे आल्यावर जगतापचं यागताप झालं आणि बाई हा शब्द तर विमानतळावरच राहिला.

आम्ही राहतो एशबोर्नला, फ्रांकफुर्टला खेटून. यजमान बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये. माझी बी.एड. इथल्या शिक्षण खात्याने मान्य केली नाही. दोन वर्षं कागद पाठवले, भाषांतरं करून पाठवली, शिक्के मारून पाठवली, आणि शेवटी एका शिकवणीवर्गात गणित शिकवायला लागले. शिकवणीला इथे नाखहिल्फ म्हणतात. आपल्याकडे हुशार मुलगाही क्लासला जातो. जर्मनांच्या मनात मात्र नाखहिल्फ म्हणजे लंगड्याची काठी. इथे गुण एक ते सहा, एक सर्वांत चांगला, आणि पाच म्हणजे नापास. वर्षाच्या मध्यावर पाच दिसायला लागले की शाळा घरी पत्र पाठवते: तुमचं मूल याच वर्गात राहण्याचा संभव आहे. या पत्राला 'निळं पत्र' म्हणतात. आता ते पांढऱ्या कागदावर येतं, पण नाव तेच राहिलंय. ते आलं की आयांना आमची आठवण व्हायची. म्हणजे माझ्याकडे येणारं प्रत्येक मूल आधीच खजील किंवा आधीच चिडलेलं असायचं.

आपली माणसंही यायची. एक तरुण इंजिनियर मुलीला घेऊन आले आणि पहिल्या तासाला मागच्या बाकावर बसून राहिले. वीस मिनिटांनी म्हणाले, "ताई, हे आम्ही शॉर्टकटने करायचो. मी दाखवू का?" आणि उठून खडू घेतला की हो हातात! एका जर्मन आईने चिठ्ठी पाठवली होती की फेलिक्सला गुणाकार चुकला तरी आधी शाबासकी द्यावी, मग चूक सांगावी. मी दिली. शाबास फेलिक्स, साफ चुकलं.

या सगळ्यात डोक्यावर दर शनिवारी तो बिनआवाजाचा जिना.

वरचे गुरुजी म्हणजे हेर चो; बाईला इथे फ्राऊ म्हणतात, तसं पुरुषाला हेर. पासष्टीचे, बुटके, बारीक. सत्तरच्या दशकात कोरियातून जर्मनीत खाणकामगार म्हणून आलेल्यांपैकी एक. मूळचे शाळामास्तर. त्या वेळी तिकडे मास्तरकीत पोट भरेना म्हणून कोळशाच्या खाणीत उतरले. बोटांच्या मागच्या बाजूला निळसर रेघा होत्या, कातडीत रुतलेला कोळसा. नंतर इकडे आले, छोटं दुकान चालवलं, आणि शनिवारी आपल्या लोकांच्या मुलांना कोरियन भाषा आणि चिनी अक्षरं शिकवायला लागले.

एकदा मे महिन्यात मुलं वर जाताना प्रत्येकाच्या हातात एकेक लाल कार्नेशन दिसलं. मी एका छोट्या मुलीला थांबवून विचारलं, "आज काय आहे गं?"

"शिक्षकदिन," ती म्हणाली. "आमचा."

"मग फूल कुणाला?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की शिक्षकदिनाचं फूल आणखी कुणाला द्यायचं असतं! आणि वर गेली. त्या दिवशी माझ्या टेबलावर कुणीतरी अर्धा खाल्लेला ब्रेत्सेल, इथला खारा पाव, ठेवून गेलं होतं.

घरी येऊन मी भांडी जरा जोरात लावली. यजमान म्हणाले, "अगं, चिंचवडला गुरुपौर्णिमेला टोपलीभर फुलं मिळायची की तुला."

"अहो, ती चिंचवडला. इथे काय?"

आमची सानिका बारावीत होती. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमधून. ती म्हणाली की ते सगळं टोटाल हिएरार्किश आहे, उतरंड आहे नुसती, आणि आई, तुला काय लोकांना वाकायला लावायचंय का?

"जा!" मी म्हटलं. जर्मनमध्ये लिहितात 'जा', म्हणतात 'या', आणि अर्थ होतो हो. तिला कुठला अर्थ घ्यायचा तो तिने घ्यावा.

हेर चोंशी माझी ओळख नमस्कारापुरती होती. तीही मला डाचायची, कारण त्यांच्या नमस्कारात खोट काढता यायची नाही. एकदा पावसात त्यांच्याबरोबर बसथांब्यावर उभी होते. एक चाळिशीचा सुटातला माणूस मोठ्या गाडीतून उतरला, धावत आला, दोन्ही हातांनी त्यांच्यावर छत्री धरली आणि स्वतः भिजत उभा राहिला. त्यांचा जुना विद्यार्थी, एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मी सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्यात हे कुठून येतं?"

हेर चो हसले. म्हणाले, "जुनं आहे. कन्फ्यूशियसचा विचार चीनमधून आला, पुढच्या पंडितांनी तो नव्याने मांडला, आणि आमचं राज्य पाचशे वर्षं त्यावर चाललं. राजा, बाप आणि गुरू एकच. राजा गेला. जपानी आले, गेले. युद्ध झालं, मग कारखाने झाले. पण अजून पंगतीतला थोरला माणूस चमचा उचलत नाही तोवर धाकटा उचलत नाही. जुळ्या भावांतही पाच मिनिटं आधी जन्मलेल्याला दादा म्हणतात. सॉनसेंग म्हणजे अक्षरशः 'आधी जन्मलेला'. एवढंच."

एवढंच म्हणे. आधी मीही जन्मले होते की.

दोन हजार तेराच्या फेब्रुवारीत एक कोरियन बाई मुलीला घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मुलगी सुजिन, पंधरा वर्षांची, नववीत, गिम्नाझियुममध्ये. गिम्नाझियुम म्हणजे विद्यापीठाच्या वाटेवरची शाळा. वडील कोरियन कंपनीचे इथले साहेब. गणितात पाच आणि घरी निळं पत्र. आई म्हणाली, "हेर चोंनी तुमच्याकडे पाठवलं. म्हणाले, खाली खऱ्या शाळेत शिकवलेल्या बाई आहेत."

त्यांनी माझी शिफारस केली याचा मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर आधी, मनात आलं की त्यांच्या कळपातलं एक कोकरू माझ्याकडे आलं.

सुजिन मी आत आले की उभी राहायची. वही दोन्ही हातांनी द्यायची, दोन्ही हातांनी घ्यायची. नजर माझ्या हनुवटीच्या खाली. "कळलं?" विचारलं की "या, फ्राऊ यागताप." कुठलीही गोष्ट, कितीही अवघड असो, "या, फ्राऊ यागताप." मी तिला पुढच्या बाकावर बसवलं, इतरांना दिसावी म्हणून. लुकासला म्हटलं, "बघ, असं बसतात." लुकास म्हणाला, "पण ती बोलतच नाही." मी म्हटलं, "गेनाऊ! तेच म्हणतेय मी."

खरं सांगते, मंगळवार आणि गुरुवार मी सुती साडी नेसून जायला लागले. यजमानांनी विचारलं, "आज काही कार्यक्रम?" मी म्हटलं, गरम होतंय. मार्च महिन्यात.

चिंचवडनंतर मला पहिल्यांदा व्याख्यान देता येत होतं. मधे कुणी बोलत नव्हतं. फळा भरायचा, ती उतरवून घ्यायची, अक्षर इतकं सुंदर की वही तपासताना मी ओळी वाचायचेच नाही, नुसती बरोबरची खूण करत पान उलटायचे. मी जुन्या खोडाची शिक्षिका. मला ठाऊक असायला हवं होतं की ज्या मुलाला प्रश्नच पडत नाहीत त्याला काही कळलेलं नसतं. ठाऊक होतंच. पण कौतुकाने माणूस आंधळा होतो आणि ते आंधळेपण फार सुखाचं असतं.

वर्गसमीकरणाचा आलेख चालू होता. वाडग्यासारखी वक्ररेषा येते, तिचं टोक कुठे ते काढायचं. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी एवढंच लक्षात घ्यावं: कंसात वजा तीन असेल तर टोक अधिक तीनवर येतं, चिन्ह उलटं होतं, आणि कंसाबाहेरच्या आकड्याचं चिन्ह आहे तसं राहतं. कुठलं उलटतं आणि कुठलं नाही, हाच त्या धड्याचा जीव.

त्या गुरुवारी लुकास आजारी होता, बाकीचेही आले नव्हते, सुजिन एकटीच होती. मी शिकवत असताना दारात हेर चो येऊन उभे राहिले. त्यांना छापायच्या कागदांसाठी आमचं यंत्र हवं होतं. मला बोलताना बघून ते थांबले, हात पुढे जोडून. मग काय! मला वाटलं, बघा म्हणावं, गणित शिकवणं म्हणजे अक्षरं गिरवून घेणं नव्हे. मी आवाज चढवला. खडू फिरवला. दाराकडे अर्धं तोंड करून बोलता बोलता लाल खडूने फळ्यावर चौकटीत नियम लिहिला: दोन्ही आकड्यांची चिन्हं आहेत तशीच राहतात. आणि खाली उदाहरण सोडवलं, टोक वजा तीनवर.

सुजिनने चौकट पट्टीने आखून उतरवली. हेर चो जरा जास्तच वेळ फळ्याकडे बघत राहिले, मग वाकले आणि गेले. मी तो वेळ कौतुकाचा समजले.

आठवड्याने शाळेतली परीक्षा झाली. त्यानंतरच्या मंगळवारी सुजिनची आई पेपर घेऊन आली. दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला. पाच. टोकाची चारही उदाहरणं चुकली होती, आणि चारही एकाच तऱ्हेने.

"माफ करा," आई मला म्हणाली. "आमची मुलगी मंद आहे. तुम्ही एवढं शिकवलंत आणि तिने तुम्हाला लाज आणली."

आणि ती वाकली. तिच्या शेजारी सुजिनही वाकली.

मी वही मागितली. पान उलटत गेले आणि ती लाल चौकट माझ्यासमोर आली, माझ्याच शब्दांत, शाळेच्या फलकासारख्या अक्षरात. त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. दोन शब्द पुरले असते. पण ती आई वाकलेली होती, आणि असं माझ्यापुढे दहा वर्षांत कुणी वाकलं नव्हतं. मी म्हटलं, "असू दे. पुन्हा करून घेऊ."

आजवर नोकरीत जे काही केलं त्यात या वाक्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेर चो खाली आले. शनिवार नसताना ते कधी यायचे नाहीत. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसले.

"सुजिनला पाच मिळाले असं कळलं," ते म्हणाले.

"हो."

"त्या दिवशी फळ्यावर… चिन्ह." त्यांनी निळसर रेघांची बोटं गुडघ्यावर पसरली. "मी बघितलं होतं."

माझा पारा चढला. आपली चूक दुसऱ्याने पाहिली होती हे कळलं की आधी रागच येतो. "बघितलं होतं? मग बोलला का नाहीत?"

"विद्यार्थिनीसमोर? शिक्षकाला?"

"नंतर! नंतर यायचं ना! आठवडा होता मधे."

"दोनदा तुमच्या दारापर्यंत आलो. एकदा तुम्ही मुलांबरोबर हसत होता. एकदा फोनवर होता. मला वाटलं, उद्या. आणि खरं सांगू? मला वाटलं, ती पुस्तक बघेल, तिला कळेल. तुमचा मानही राहील." त्यांनी बोटांवरच्या रेघांकडे बघितलं. "खाणीत असं नव्हतं. छप्पर कुरकुरलं की विशीतला पोरगाही फोरमनवर ओरडायचा, बाजूला हो. साहेब नाही, मालक नाही. मी तिथे ओरडायला शिकलो होतो. वर आलो आणि विसरलो."

ते एका चुकीबद्दल गप्प बसले आणि इतके दिवस झोपले नसावेत. मी स्वतःच्या चुकीबद्दल गप्प बसले होते आणि रात्री नीट जेवले होते. तेव्हासुद्धा मला त्यांचा हेवाच वाटला.

संध्याकाळी मी सुजिनच्या घरी गेले आणि आईला सगळं सांगितलं. चूक माझी, मुलीची नाही. बाईंनी ऐकून घेतलं, चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "तुम्ही फार मोठ्या मनाच्या आहात. तिला वाचवायला स्वतःवर घेताय."

"अहो, नाही! ही बघा वही."

"तिने चुकीचं उतरवलं असेल."

तासभर समजावलं. माझ्या गुन्ह्याचा पुरावा माझ्या हातात होता आणि तो कुणी घेईना. शेवटी मी सुजिनला विचारलं, "तू पुस्तक बघितलं होतंस का?"

"या."

"त्यात काय होतं?"

"उलटं होतं."

"मग?"

तिने आईकडे बघितलं, मग माझ्या हनुवटीकडे. "मला वाटलं, पुस्तक जुनं आहे."

शाळेत जाऊन मी तिच्या गणिताच्या बाईंना, फ्राऊ फोग्टना, भेटले. खास जर्मन बाई, सरळ आणि कोरड्या. म्हणाल्या, "तुमचा प्रामाणिकपणा आवडला. पण गुण तेच राहतील. आणि पेपर हा तिचा खरा प्रश्न नाहीच. आमच्याकडे वर्गात बोलण्याला जवळजवळ लेखीइतकं वजन आहे. दीड वर्षात या मुलीने एकदाही हात वर केलेला नाही. मी तिथे काय लिहू? तोंडीतही पाच. जूनपर्यंत ती बोलली तर चार देऊन वर ढकलेन. नाही तर याच वर्गात."

म्हणजे मला आता त्या मुलीची जी गोष्ट सगळ्यात प्रिय होती तीच मोडायची होती.

मी मुद्दाम फळ्यावर चुका करायला लागले. सात नव्वे छप्पन्न लिहिलं. सुजिनने उतरवून घेतलं. लुकास ओरडला, "फाल्श! चूक! फ्राऊ यागताप, झोप झाली नाही का?" त्याच्या ओरडण्याने तीच पांढरी पडली, जसं काही त्याने मला थप्पड मारली. तिला हात वर करायला सांगितलं की ती हात वर करायची, कारण मी सांगितलं होतं; आणि मग म्हणायची, "तुमचं बरोबर आहे." दोन आठवडे गेले. मे उजाडला. एके दिवशी मी वैतागून विचारलं, "तुला दिसतंय ना चुकलंय?" डोळ्यांत पाणी आणून ती म्हणाली, "दिसतंय. पण तोंडातून येत नाही."

मी वर गेले. सहा वर्षांत पहिल्यांदा तो जिना चढले. बूट काढले. हेर चोंना म्हटलं, "माझ्या हातून होत नाही. तिला तुमची परवानगी हवीय, माझी नाही." हे वाक्य म्हणायला मला जो काही त्रास झाला तो सांगत नाही.

गुरुवारी ते खाली आले. सुजिन ताडकन उभी राहिली. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि स्वतः उभे राहिले, फळ्याशी, माझ्या बाजूला. लुकास हीटरवरून पाय काढून बसला.

हेर चो जर्मनमध्ये बोलले. "फ्राऊ यागताप, मार्चमध्ये तुम्ही या फळ्यावर एक चूक केली. मी पाहिली आणि बोललो नाही. त्यामुळे सुजिनचं नुकसान झालं." मग तिच्याकडे वळले. "सुजिन, ही माझी चूक आहे. मला माफ कर." आणि ते तिच्यापुढे वाकले. पासष्ट वर्षांचा माणूस, पंधरा वर्षांच्या मुलीपुढे.

ती रडायला लागली. लुकासला काही कळेना, त्याने तिला आपला रुमाल दिला, तो काही फार स्वच्छ नव्हता.

मी नंतर त्यांना विचारलं, तुम्ही कोरियनमध्ये का नाही बोललात, तिला जास्त भिडलं असतं. ते म्हणाले, "रात्रभर प्रयत्न केला. आमच्या भाषेत क्रियापद बोलणाऱ्याची पायरी ठरवतं. वरच्या पायरीवरून खालच्याला असं म्हणायचं तर ते उपकार केल्यासारखं होतं, आणि खालच्या पायरीवर मला उतरता येईना. वाक्यच बनलं नाही. जर्मनमध्ये बनलं."

त्या दिवशी मी फळ्यावर पुन्हा उदाहरण लिहिलं. कंसात अधिक चार. टोक लिहिलं अधिक चारवर. खडू ठेवला आणि तोंड फळ्याकडेच ठेवलं, तिला माझा चेहरा दिसू नये म्हणून. लुकास ओरडणार तोच त्याला हेर चोंनी हाताने थांबवलं. घड्याळाचा आवाज येत होता. मला वाटलं, नाहीच होणार.

"फ्राऊ यागताप…" पाठीमागून अगदी बारीक आवाज आला. "कदाचित… तिथे वजा असेल."

मी वळले नाही. "कदाचित?"

"नाही," ती म्हणाली. "नक्की."

एकदा बांध फुटल्यावर मात्र पोरगी थांबेना. फ्राऊ फोग्टनी जूनमध्ये फोन करून सांगितलं की सुजिनने भर वर्गात फळ्यावरच्या त्यांच्याच गणितातली पायरी चुकलेली दाखवली, आणि चार दिले आहेत. ती दहावीत गेली. मी त्या दिवशी शिरा केला, कारण सानिकाला तो आवडतो आणि मला कुणाला तरी खायला घालायचं होतं.

सप्टेंबरमध्ये सुजिनची आई एकटीच आली. हातात पेअरची पेटी. नेहमीप्रमाणे वाकली. म्हणाली, तुमचे आभार मानावे तेवढे थोडे, पण आता पुरे. थोडं खोदल्यावर कळलं. घरी वडिलांचे वरिष्ठ जेवायला आले होते. वडील काहीतरी बोलले आणि सुजिन म्हणाली, बाबा, हे बरोबर नाही. पाहुण्यांसमोर. जेवण तिथेच थंडावलं.

"ती आता प्रश्न विचारते," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "उत्तर मला द्यावं लागतं."

मला म्हणता आलं असतं, एकदा सुजिनला विचारू. मला म्हणता आलं असतं, बसा, बोलू. पण मी पेटी दोन्ही हातांनी घेतली आणि म्हटलं, "तुमची मर्जी."

माझ्याकडे येणं बंद झालं. वर जाणं मात्र चालूच. दर शनिवारी माझ्या दारावरून ती जिना चढायची. दारापाशी थांबून मान लववायची आणि वर गुरुजींकडे जायची. काम मी केलं होतं, आणि मुलगी त्यांची राहिली. हेर चोंचा काही दोष नव्हता, म्हणून तर जास्त जळफळाट व्हायचा. त्या वर्षी मी काही शनिवार दार लावून घेऊन शिकवलं.

पाच वर्षांनी हेर चो सत्तर वर्षांचे झाले. मुलांनी एक हॉल घेतला होता. मला आमंत्रण होतं. पुढे चौरंगावर ते आणि त्यांच्या पत्नी बसलेल्या, आणि तीस वर्षांतले विद्यार्थी दोघादोघांनी येऊन गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून नमस्कार करत होते. डॉक्टर, बँकवाले, एक भला दांडगा पोलीस. मी तिसऱ्या टेबलावर बसून मोजत होते. मोजू नये असं ठरवूनही मोजत होते. सुजिन आली. वीस वर्षांची, केस कापलेले, डार्मश्टाटला इमारतींचं इंजिनियरिंग शिकणारी. तिने वाकून कपाळ टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. मी तेही मोजलं.

मग ती माझ्या टेबलापाशी आली आणि मला काही कळायच्या आत शेजारची खुर्ची ओढून बसली. नमस्कार नाही, काही नाही. समोर तिची आई बसलेली.

"फ्राऊ यागताप, तुम्हाला एक सांगायचं होतं. तेव्हा तुम्ही चुकलात."

"चिन्ह?" मी म्हटलं. "ते मी कबूल केलंय."

"चिन्ह नाही. आईने माझं तुमच्याकडे येणं बंद केलं तेव्हा. तुम्ही भांडायला हवं होतंत. निदान मला विचारायला हवं होतंत. तुम्हीच शिकवलंत आणि तुम्हीच गप्प बसलात."

तिच्या आईने चमचा खाली ठेवला. मी त्यांच्याकडे बघितलं, त्या ताटाकडे बघत होत्या. मला वाटलं, काहीतरी सांगावं, त्या वेळची परिस्थिती, आईचा मान वगैरे. पण ती माझ्या डोळ्यांत बघत होती, सरळ.

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं. "चुकलेच मी."

"मग झालं," ती म्हणाली, आणि माझ्या ताटातला पेअरचा एक तुकडा उचलून खाल्ला. तेवढ्यात तिकडून कुणी वडीलधाऱ्याने हाक मारली. ती लगेच उठली, चहाचा ट्रे दोन्ही हातांनी घेतला, आणि एकेका म्हाताऱ्यापुढे वाकत, वयाच्या क्रमाने, एकही न चुकवता, चहा देत गेली.

मी तिच्याकडे बघत बसले. हेर चोंना नमस्कार करणाऱ्यांची रांग अजून चालू होती, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. चिंचवडला मी मुख्याध्यापकांसमोर अकरा वर्षं नुसती मान खाली घातली. इथे येऊन तोंड उघडायला शिकले, तर मान खाली घालायचं विसरले. या मुलीला दोन्ही जमत होतं, एकाच संध्याकाळी, एकाच हॉलमध्ये. इतका हेवा मला आयुष्यात कुणाचा वाटला नाही.